दुसरी गोळी बंदुकीची

लोणखेड्याला कॉलेजच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे, तिथे मी संध्याकाळी बसतो. पोरं मोबाईलवर गोळीबाराचे खेळ खेळत असतात. हा म्हातारा पोलिसांच्या बंदुका सांभाळायचा, असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलंय. मग एखादा फोन खाली ठेवून विचारतो, "नाना, सगळ्यात भारी बंदूक कोणती?" त्याला हवं असलेलं उत्तर मला ठाऊक असतं. गोळी मोठी पाहिजे, बंदूक हलकी पाहिजे, आणि चाप दाबत गेलं की एकामागून एक गोळी त्याच जागी लागली पाहिजे. मी सांगतो, तशी बंदूक तुझ्या फोनमध्येच आहे, बाहेर नाही. पोरं हसतात. नाना विनोद करतात असं त्यांना वाटतं.

नंदुरबार जिल्हा पोलीस दलात मी आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा मेकॅनिक. बंदूक उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, झिजलेला भाग बदलायचा, चालते की नाही ते पाहायचं आणि परत रॅकला लावायची. सगळी नोकरी मुख्यालयाच्या शस्त्रागारात गेली. त्या खोलीतला तेलाचा आणि जुन्या फ्लॅनेलचा वास अजून माझ्या बोटांना येतो, असं मला वाटतं. बायको म्हणते, येत नाही. आयुष्यभर बंदुका हाताळल्या, पण माणसावर एकही गोळी झाडली नाही. नातेवाईक मोठ्या उत्सुकतेने विचारायचे, तेव्हा बायको सरळ सांगायची, "बंदुका पुसतस त्या." त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे.

या कामात गिऱ्हाईकं नसतात असं वाटेल, पण होती. निवडणुका आल्या की परवानाधारकांना आपली हत्यारं जमा करावी लागतात. मिरची बाजारातले एक शेठजी दर वेळी आपली दोन नळ्यांची जुनी बंदूक धोतराच्या कापडात गुंडाळून आणायचे. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येताना ती आणली होती. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि कुंकू तसंच राहायचं, त्यामुळे नळीवर गंजाचे ठिपके पडलेले असायचे. मी ते घासून काढायचो आणि शेठजी समोर स्टुलावर बसून माझं काम पाहायचे. एकदा म्हणाले, "नाना, आते हाई काय कामनी? एकदाव दाबा का धाडधाड चालनी पाहिजे अशी एक माले पाहिजे. आनि गोयी बी मोठी."

परवान्यावर तसं काही मिळत नाही, हे त्यांना मी सांगितलंच. पण त्यांना कारणही हवं होतं. मी त्यांच्याच बाजारातलं उदाहरण दिलं. म्हटलं, शेठजी, तुमच्या हातगाडीवर दुप्पट पोती टाकली, तर फक्त पोतीच वाढतील का? आस जाड लागेल, चाकं जाड लागतील, दांड्या जाड लागतील. मग रिकामी गाडीच हमालाला ओढवणार नाही. शेठजी व्यापारी माणूस, त्यांना ते लगेच पटलं. उठता उठता म्हणाले, "म्हनजे मरन हमालनंच शे." मी हसलो होतो. ते हसणं आता आठवलं की बरं वाटत नाही.

बंदुकीचा परिचय नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे बरीच वर्षं जी रायफल होती ती स्वतःच भरणारी. एसएलआर म्हणतात तिला. एकदा चाप दाबला की एक गोळी सुटते. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडा गॅस नळीवरच्या एका छिद्रातून वर घेतात. तो गॅस एका दांड्याला मागे ढकलतो, दांडा बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या लोखंडी तुकड्याला, ढकलतो, बोल्ट मागे सरकताना काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग उसळते, बोल्ट पुढे येताना नवं काडतूस उचलून नळीत बसवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं होतं. शिपायाने फक्त पुन्हा चाप दाबायचा.

काडतूस लहान असेल तर हे लोण्यासारखं चालतं. काडतूस मोठं झालं की प्रत्येक गोष्ट मागणी करू लागते. काडतूस लांब, म्हणून बोल्टला लांब मागे जावं लागतं. जोर जास्त, म्हणून बोल्ट जड, स्प्रिंग कडक, सांगाडा भक्कम. मॅगझीनमध्ये गोळ्या कमी मावतात. वजन वाढतं. वजन कमी करावं तर धक्का वाढतो, कारण गोळीला पुढे जेवढं ढकलावं तेवढं बंदूक मागे ढकलणारच. गॅस कमी घेतला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी मध्येच अडकते. गॅस जास्त घेतला तर बोल्ट मागच्या भिंतीवर इतका आपटतो की भाग तडकतात. मधली एक बारीक जागा असते, ती शोधायची हे माझं काम. आणि ती सापडली तरी एक अडचण उरतेच. बंदूक दुसऱ्या गोळीसाठी तयार होते, पण माणूस अजून पहिल्या गोळीतून सावरलेला नसतो. मोठ्या काडतुसाच्या, स्वतः भरणाऱ्या बंदुकीची खरी मर्यादा लोखंडात नाही, ती तिच्यामागच्या माणसात आहे. हे मी पुस्तकात वाचलं नाही. वंती पावराच्या खांद्यावर पाहिलं.

वंती तोरणमाळच्या खालच्या एका पाड्यावरची. तिच्या पाड्यातून पोलिसात आलेली पहिलीच मुलगी. अंगाने बारीक, उंचीत कशीबशी बसलेली, बोलायला कमी. भरतीनंतर काही वर्षं डोंगरातल्या ठाण्यात काढून ती मुख्यालयात आली. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमची चांदमारी आहे, तिथे वार्षिक गोळीबार असतो. त्या वर्षी जिल्ह्यात हलक्या काडतुसाच्या थोड्या रायफली आलेल्या होत्या. वंतीच्या वाट्याला त्यातली एक आली. तिने सगळ्या गोळ्या झाडल्या आणि टार्गेट आणायला गेलेला शिपाई ते हातात धरून पळत आला. सगळी छिद्रं एका तळहाताखाली झाकली जात होती.

कोणीतरी म्हणालं, आदिवासी आहे, रक्तातच तिरंदाजी असणार. वंतीने ते ऐकलं. नंतर माझ्याकडे रायफल जमा करताना म्हणाली, "नाना, आमच्या घरात धनुष्य खुंटीला असायचं. ते भाऊ घ्यायचे. मला कोणी हातही लावू दिला नाही. मी बकऱ्या राखल्या."

मग एवढा नेम कुठून आला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बकऱ्या राखताना गप बसावं लागतं."

आमचे राखीव पोलीस निरीक्षक, आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो, भले माणूस होते. त्यांनी तिचं नाव शस्त्र प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमासाठी वर पाठवलं. निवड झाली असती तर वंती परत येऊन नव्या भरतीच्या पोरांना गोळीबार शिकवणार होती. आमच्या जिल्ह्यात त्या जागेवर बाई कधी नव्हती. वंतीला हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती ड्युटी संपली की शस्त्रागाराच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. बंदूक उघडताना पाहायला आवडतं म्हणाली. मी तिला आत बसवून प्रत्येक भाग दाखवला. तिने सगळे भाग नावांनिशी लक्षात ठेवले. मी एकदा मुद्दाम स्प्रिंग उलटी बसवून दिली, तर तिने ती हातात घेताच परत केली. माझ्या दोन मुलांपैकी एकालाही या कामात रस नव्हता. मला फार बरं वाटायचं.

मग दोन गोष्टी झाल्या. हलक्या रायफली वरून परत मागवल्या गेल्या, दुसरीकडे त्यांची जास्त गरज होती म्हणून. आणि निवड चाचणीचं पत्र आलं, त्यात चाचणी मोठ्या काडतुसाच्या एसएलआरवर होईल असं लिहिलेलं होतं. एकेक गोळी झाडायचा एक भाग, आणि भराभर गोळ्या झाडायचा दुसरा.

पहिल्या सरावाला मी तिच्या मागे उभा होतो. उभी धरली की एसएलआर तिच्या छातीपर्यंत येत होती. पहिली गोळी बरोबर मध्यावर लागली. दुसरी वर गेली. तिसरी त्याहून वर. चौथी कुठे गेली ते टार्गेटवर दिसलंच नाही. वंती उठली, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि माझ्याकडे आली. तिचा चेहरा रडवेला नव्हता, ती विचार करत होती. म्हणाली, "नाना, पहिली गोळी माझी असते. दुसरी बंदुकीची असते."

इतक्या वर्षांत एवढं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. बंदुकीचा धक्का तिचा खांदा मागे नेत होता, नळी वर जात होती आणि ती खाली यायच्या आत आतली यंत्रणा पुढची गोळी भरून मोकळी होत होती. वजनदार शिपाई तो धक्का अंगावर घेऊन जागेवर राहतो. वंतीच्या अंगात तेवढं वजनच नव्हतं.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. एसएलआरचे लाकडी दस्ते कमी-जास्त लांबीचे येत असत. निकामी झालेल्या हत्यारांच्या ढिगातून मी एक आखूड दस्ता शोधून काढला आणि साहेबांच्या परवानगीने तिच्या रायफलला बसवला. त्यामुळे धरायला सोपं झालं. मग गॅसचा रेग्युलेटर एकेक खाच मोकळा करत गेलो, म्हणजे जास्त गॅस बाहेरच सुटून जातो. बोल्टची आपट कमी झाली, पण शेवटच्या खाचेला पुंगळी बाहेर पडेना, तोंडातच आडवी अडकली. वंतीने ती पाहिली.

"म्हणजे याच्याखाली जाता येत नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "आणि गेलो असतो तरी फार फरक पडला नसता. आपण आतली आपट कमी करतो. गोळीचा धक्का काडतुसाचा असतो. तो कमी करायचा तर काडतूसच लहान पाहिजे."

खांद्याला रबराची गादी लावली, त्याने थोडा आराम पडला. पण चाचणीत बाहेरची कोणतीही वस्तू चालणार नव्हती. दस्त्यात शिसं भरून वजन वाढवता आलं असतं, पण सरकारी हत्यारात असा बदल करता येत नाही, आणि करता आला असता तरी तिचे हात ते किती वेळ पेलणार होते? मी पुन्हा पुन्हा त्याच चौकटीत फिरत होतो. एक गोष्ट सोडवली की दुसरी अडत होती.

मी साहेबांकडे गेलो. त्यांना म्हटलं, चाचणी हलक्या रायफलीवर घेता येते का, एकदा वर विचारा. नेम पाहायचा असेल तर नेम दिसेल, वजन पाहायचं असेल तर वजनकाटा आहे. साहेबांनी मनावर घेतलं आणि विचारलंही. उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा आहे. साहेबांनाही ते आवडलं नव्हतं. पण मला समजावताना म्हणाले, "नाना, बंदुकीला बाई-पुरुष कळत नाही."

"तेच म्हणतोय, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी उत्तराचा कागद फाईलला लावला. मी बाहेर आलो.

वंतीने सराव थांबवला नाही. धक्का शिकून घेता येतो, असं तिचं म्हणणं होतं. आणि काही अंशी ते खरंही होतं. ती कोपर कसं ठेवायचं, श्वास कुठे सोडायचा, गाल दस्त्याला कसा टेकवायचा, सगळं बदलून बदलून पाहत होती. दुसरी गोळी हळूहळू खाली आली. तिसरीही. साहेब खूश झाले, त्यांनी तिला जास्तीच्या गोळ्या मंजूर करून दिल्या. एखाद्या जिल्ह्यातून अशी मुलगी जाते म्हणजे जिल्ह्याचं नाव होतं, हे त्यांच्या मनात होतं आणि त्यात काही वाईट नव्हतं.

एक दिवस शस्त्रागारात चहा आला. वंतीने कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. मी विचारलं तर म्हणाली, अंगाखाली दबला होता. काही दिवसांनी ती बोल्ट खोलत असताना तो तिच्या बोटांतून निसटून टेबलावर पडला. तिने पटकन उचलला, तोही डाव्या हाताने. मी तिला समोर बसवलं.

"दाखव खांदा."

"काय दाखवू, नाना. काळानिळा आहे. सगळ्यांचाच होतो."

"बोटांना मुंग्या येतात?"

तिने फडकं घेऊन बोल्ट पुसायला सुरुवात केली. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "चाचणी होऊ द्या. मग डॉक्टरकडे जाते. आता गेले तर ते लिहून देतील, बंदूक धरू नको. मग माझ्या जागी कोण जाईल?"

मी तिला सांगितलं की हे नुसतं काळंनिळं नाही. काखेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा त्या जागीच असतात, रोज त्याच जागेवर दणका बसला तर हात जाऊ शकतो. फौजेतून आलेल्या एका जुन्या हवालदाराचा तसा गेलेला मी पाहिला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी चांदमारीवर गेली.

मी तिला रायफल देणार नाही म्हणालो. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी मला बोलावलं. मी जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी वंतीला विचारलं, हाताला काही त्रास आहे का? ती म्हणाली, नाही सर. साहेबांनी तिला हात वर करायला लावला, मूठ आवळायला लावली. तिने दोन्ही केलं. तेवढं करण्यासाठी ती कुठून जोर आणत होती ते मला दिसत होतं, कारण तिने ओठ दाबून धरले होते. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, तुम्ही जास्त काळजी करता." त्यांना तसं मानायचं होतं. मला लेखी आदेश आला नाही, त्याची गरजही नव्हती. साहेबांनी सांगितल्यावर हत्यार द्यायचं हे माझं काम होतं.

घरी मी बायकोला म्हटलं, ती आंडेर, ती पोर, माझं ऐकत नाही. बायको भाकरी करत होती. म्हणाली, "तुम्ही तिले बंदूकनं सांगी ऱ्हायनात. तिले तठे जावानं शे. ती कसाले थांबी?" मग भाकरी उलटून म्हणाली, "मी बी नसते थांबनू."

चाचणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका केंद्रावर होती. हत्यारं घेऊन आर्मोरर म्हणून मीच गेलो. गाडीत वंती माझ्या शेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर पाहत होती. नंदुरबार मागे पडलं तेव्हा रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडलेल्या होत्या, लालच लाल. ती म्हणाली, लहानपणी ती आईबरोबर त्या मिरच्यांची देठं खुडायच्या कामाला यायची, तेव्हा हात आठ-आठ दिवस जळायचे. "हाताला सवय आहे, नाना," असं म्हणून हसली.

एकेक गोळी झाडायच्या भागात ती पहिली आली. तिथले परीक्षक तिचं टार्गेट एकमेकांना दाखवत होते. मी दूर उभा होतो, माझे डोळे भरून आले होते हे कबूल करायला मला लाज नाही. मग भराभर गोळ्या झाडायचा भाग आला. शिट्टी झाली. वंतीची पहिली गोळी सुटली, पुंगळी उडाली. दुसरी सुटली. दोन्ही मध्याजवळ होत्या, ते नंतर कळलं. तिसरीसाठी बंदूक तयार होती. मी आवाजावरून सांगू शकतो, बोल्ट पूर्ण पुढे येऊन बसला होता. पण गोळी सुटली नाही.

सगळ्यांना वाटलं, बंदूक अडकली. मलाही क्षणभर वाटलं, आणि खरं सांगतो, देवाकडे मी तेच मागत होतो. बंदूक अडकली असती तर तिला दुसरी संधी मिळाली असती, नियमात तशी तरतूद होती. मी जवळ जाईपर्यंत वंती तशीच पालथी पडून होती, गाल दस्त्याला टेकलेला, डोळा नळीच्या टोकावरच्या माशीवर. उजवं बोट चापावर होतं आणि ते चाप दाबत नव्हतं. मग तिने नजर खाली करून त्या बोटाकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "नाना, मी दाबतेय."

परीक्षकांनी रायफल ताब्यात घेतली, माझ्या हातात दिली आणि तपासायला सांगितलं. मी सगळ्यांसमोर ती उघडली. गॅस ठीक होता, स्प्रिंग ठीक होती, काडतूस नीट बसलेलं होतं. मी तिला जपून जपून ठेवलं होतं, ती बिघडणार कशी? मला विचारलं, हत्यारात दोष आहे का? मी म्हटलं, हत्यारात दोष नाही. त्या वाक्याने वंतीचा निकाल लागला. दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी कधी बोललो नव्हतो.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिला सुरतेला पाठवलं. तिथे सांगितलं की शिरा एकाच जागी पुन्हा पुन्हा चेपल्या गेल्या आहेत, काही भाग परत येईल, काही येणार नाही. काही भाग आला. ती आता पेन धरू शकते, पण जास्त वेळ नाही. पाण्याची कळशी उजव्या हाताने उचलत नाही. तिला शस्त्र ड्युटीतून मुक्त केलं आणि वायरलेस कक्षात बसवलं. सगळे तिच्याशी चांगलं वागले. साहेबांनी तिच्यासाठी खूप खटपट केली, त्यांची बदली होईपर्यंत ते तिची चौकशी करायचे. कोणावर राग काढावा असा एकही माणूस मला या सगळ्यात सापडत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

मी निवृत्त झालो त्याच सुमारास हलक्या रायफली जिल्ह्यात परत आल्या. या वेळी भरपूर आल्या. माझ्या जागी आलेल्या तरुणाने मला बोलावून त्या दाखवल्या. छान होत्या. वंती त्या खोलीत आली नाही. वायरलेस कक्ष तिथून पलीकडच्याच इमारतीत आहे.

गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीवर घरी असल्याचं कळलं, म्हणून मी तिला भेटायला गेलो. तोरणमाळच्या घाटात गाडी चढताना छातीत धडधडतं, ते वयामुळे की वळणांमुळे ते कळत नाही. पाड्यावर तिचे वडील खेमाबाबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांना पावरी बोली येते, मराठी थोडी थोडी. वंतीने माझी ओळख करून दिली आणि चहा ठेवायला आत गेली.

खेमाबाबांनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "बंदूकवाले तुम्हीच?"

मी हो म्हटलं.

"एक विचारायचं होतं. पोरीला विचारलं तर ती सांगत नाही." त्यांनी बोट समोरच्या डोंगराकडे केलं. "गोळी तिकडे जाते ना?"

"हो."

"मग मागच्या माणसाला कशी लागली?"

मी त्यांना सांगायला लागलो. सोप्या भाषेत सांगायची मला सवय आहे, शेठजींना सांगितलं होतं, नव्या शिपायांना सांगत आलो होतो. गोळी पुढे जाते तेवढीच बंदूक मागे येते, गोळी मोठी असली तर जास्त येते, बंदूक स्वतः भरते म्हणून धक्के लागोपाठ बसतात, अंग बारीक असलं तर ते सहन होत नाही. खेमाबाबांनी एकदाही मध्ये न बोलता सगळं ऐकलं. त्यांना कळलं असावं. जमिनीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे आधी ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, बाबा. मी सांगितलंही होतं. साहेबांना सांगितलं, वंतीला सांगितलं."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. राग आला असता तर मला खाली मान घालून बसता आलं असतं. ते बाजेवर सरकले आणि मला जागा करून दिली, पाहुण्याला करतात तशी. आतून वंती चहा घेऊन आली. एका वेळी एकच कप आणला, डाव्या हातात. तो मला दिला आणि दुसरा आणायला पुन्हा आत गेली.